गणपती, दिवाळी अंक आणि घर बदलणे: हे सगळे सप्टेंबरमध्ये कसे बसवावे?

शुद्धलेखनी (१७ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे कोथरूडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. घरमालकांचा मुलगा परगावाहून परत येत असल्यामुळे ३० सप्टेंबरला, करार संपताच, घर रिकामे करून द्यायचे आहे. मालकांनी दोन महिने आधी कल्पना दिली, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार नाही. वारज्यात दुसरे घर ठरले आहे, पण ते २० सप्टेंबरला मोकळे होईल.

मी एका दिवाळी अंकासाठी मुद्रितशोधन आणि संपादनसाहाय्य करते. अंक २४० पानांचा, म्हणजे सोळा पानांचे पंधरा फॉर्म आहेत. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला असल्यामुळे छपाई, बांधणी आणि वितरण यांचा हिशेब करून शेवटचा फॉर्म २५ सप्टेंबरला छापखान्यात गेलाच पाहिजे, असे संपादकांनी सांगितले आहे. माझे पती चाकणच्या कारखान्यात नोकरी करतात आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नेमका २५ तारखेलाच गुरुवार आहे.

याशिवाय माझा गोतावळा मोठा आहे आणि तो मला मनापासून हवा आहे. मी ढोलपथकात ताशा वाजवते, त्यामुळे ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत रोज रात्रीचा सराव किंवा मिरवणूक आहे. ३० ऑगस्ट ते २ सप्टेंबर गौरींसाठी साताऱ्याला सासरी जायचे आहे. पुण्यातल्या सहा-सात घरी दर्शनाला जाणे होते. सध्याच्या सोसायटीत २७ सप्टेंबरला भोंडला आहे आणि त्याची जबाबदारी गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. मामेबहिणीचे लग्न डिसेंबरमध्ये आहे, तिचे केळवण नवरात्रात करण्याचे मी फार पूर्वीच कबूल केले होते. सासूबाईंचे म्हणणे असे, की पितृपक्षात नव्या घरात पाऊल टाकू नये. त्यांचे मन मला मोडायचे नाही, पण पितृपक्ष २१ तारखेपर्यंत आहे आणि त्यानंतर हातात फक्त नऊ दिवस उरतात.

काय सोडावे, काय पुढे ढकलावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

बदलीचे घर (१७ ऑगस्ट)

माझे पती बँकेत होते आणि बदल्यांमुळे आम्ही सव्वीस वर्षांत अकरा घरे बदलली. लातूर, चिपळूण, जळगाव, दोनदा नाशिक, शेवटी पुणे. त्या अनुभवावरून काही गोष्टी मोकळेपणाने सांगते.

सासूबाईंचा आक्षेप प्रवेशाला आहे, बांधाबांधीला नाही, हे आधी लक्षात घ्या. ७ सप्टेंबरपासून पुढचे दोन आठवडे तुमचे पथक थांबलेले असेल, कोणाकडे मंगलकार्य नसेल आणि कोणी जेवायलाही बोलावणार नाही. हा काळ तुम्हाला अडचणीचा वाटतो आहे, पण मला तो या सगळ्या महिन्यातला सर्वांत मोकळा काळ दिसतो. माळ्यावरचे सामान, हिवाळ्याची पांघरुणे, पुस्तके, पाहुण्यांसाठी ठेवलेली भांडी, जुन्या फाइली हे सर्व या दिवसांत खोक्यांत भरून होईल. रोज दोन खोकी एवढेच ठरवा. पुस्तकांची खोकी लहान घ्या, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की ते एका माणसाला उचलत नाही आणि तळ फाटतो. प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंपेक्षा ते नव्या घरात कोणत्या खोलीत जायचे आहे ते ठळक लिहा. हमालांना तेवढेच हवे असते.

२२ सप्टेंबरला घटस्थापना आहे. त्या दिवशी सकाळी सासूबाईंना सोबत घेऊन नव्या घरी जा, देवाजवळ दिवा लावा, कलश ठेवा, दूध उतू घालवा आणि परत येऊन कामाला बसा. याला दोन तासांहून अधिक वेळ लागत नाही. प्रवेश झाला म्हणजे सामान नंतर कधीही नेता येते. सासूबाई स्वतः हजर राहिल्या, तर पुढचे त्यांचे सहकार्यही तुम्हाला मिळेल, असे मला खात्रीने वाटते.

आता माणसांविषयी. आलेले बोलावणे नाकारताना आपण नुसते ‘जमणार नाही’ म्हणतो आणि समोरच्याला वाईट वाटते. त्याऐवजी त्याच वाक्यात दुसरी तारीख द्यावी. लग्न डिसेंबरमध्ये असेल, तर केळवण नोव्हेंबरमध्ये, तुळशीचे लग्न झाल्यावर, नव्या घरात करा. बहिणीला आजच फोन करा, कारण आज सांगितले तर ते नियोजन ठरते आणि २० सप्टेंबरला सांगितले तर तेच मोडलेला शब्द ठरते. दर्शनाची सहा-सात घरे दोन संध्याकाळींत भागानुसार उरकता येतील. गौरींना मात्र जा. सासरच्या गौरी चुकवून वाचवलेले तीन दिवस घरात नंतर कितीतरी दिवस बोलून दाखवले जातात, आणि तुम्हालाही ते लागून राहते.

भोंडल्याची जबाबदारी या वर्षी दुसरीकडे सोपवा. तुम्ही ती सोसायटी सोडणार आहात, त्यामुळे पुढच्या वर्षी ते कोणाला तरी करावेच लागणार आहे. तुम्ही हजर असतानाच ती व्यक्ती तयार झाली, तर भोंडला टिकेल. गाण्यांची वही आणि खिरापतीचा हिशेब तिच्या हाती द्या, आणि त्या दिवशी फक्त फेर धरायला जा.

तिसरा मजला (१८ ऑगस्ट)

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी पटल्या, एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. आम्ही २०२३ मध्ये पितृपक्षातच घर बदलले. टेम्पो आणि हमाल हव्या त्या दिवशी मिळाले, घाई झाली नाही आणि आमचे काही वाईटही झाले नाही. महिनाअखेरीला, त्यातही दसऱ्याच्या आधी, पॅकर्स आणि मूव्हर्सवाल्यांकडे गर्दी असते. पितृपक्ष टाळायचाच असेल, तर गाडीची तारीख या आठवड्यातच पक्की करून थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवा. अर्थात, कामाची मुदत डोक्यावर असताना घरात मतभेद ओढवून घेऊ नये, हेही मला मान्य आहे.

मी हे लिहिण्याचे खरे कारण कागदपत्रे आहे, कारण आमचा सर्वांत जास्त वेळ तिथे गेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन एजंट घरीही येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के पडते. महिना २५,००० रुपये भाडे, एक लाख अनामत आणि अकरा महिन्यांचा करार धरला, तर ते सुमारे ७१० रुपये होते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. याहून मोठा आकडा सांगितला गेला, तर त्यातला एजंटचा मेहनताना किती हे वेगळे विचारावे. दोन्ही बाजूंच्या सर्वांचे अंगठे एका वेळी जुळवणे हेच यात अवघड असते. तुमच्या पतींच्या गुरुवारच्या सुट्टीचा उपयोग इथे करा आणि ११ किंवा १८ सप्टेंबरला करार नोंदवून टाका. मालकांना पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, त्यासाठी लागणारी छायाचित्रे आणि आधारच्या प्रती त्याच दिवशी त्यांच्याकडे द्या.

जुने घर सोडताना विजेच्या मीटरवरील आकड्याचा फोटो काढा आणि अनामत रकमेतून काय कापले जाणार आहे हे मालकांकडून लेखी घ्या. आमचे त्या वेळी तोंडी बोलणे झाले होते आणि रंगकामाच्या नावाखाली १२,००० रुपये कमी मिळाले. गॅस सिलिंडर असेल, तर शहरातल्या शहरात टाकी परत करावी लागत नाही, वितरक बदलण्याचा अर्ज पुरतो. आधारवरील पत्ता आणि मतदारयादीचा अर्ज क्रमांक ८ ही कामे दिवाळीनंतर करा. त्यांची घाई नसते, आणि नोंदणीकृत करार हाती असला की आधारचे काम घरबसल्या होते.

मशीनप्रूफ (१८ ऑगस्ट)

मी वीस वर्षे अक्षरजुळणी आणि पृष्ठरचना करतो आहे, त्यामुळे तुमच्या २५ तारखेविषयी लिहितो. इतरांनी सुचवलेल्या सगळ्या गोष्टी करून तुम्ही थकलेल्या डोळ्यांनी प्रूफ वाचायला बसलात, तर नियोजनाचा उपयोग नाही. खोकी भरताना चुकले, तर एखादी कपबशी फुटते. लेखकाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तर तो अंकाच्या हजारो प्रतींत कायमचा राहतो. म्हणून दिवसाचा पहिला प्रहर प्रुफांना आणि शेवटचा बांधाबांधीला, हा क्रम एकही दिवस उलटा होऊ देऊ नका. पथकाच्या सरावानंतर रात्री अकराला घरी येऊन प्रूफ हाती घेऊ नका, सकाळी साडेपाचला घ्या.

दुसरे असे, की २५ तारीख ही पंधरा फॉर्मांपैकी शेवटच्या फॉर्मची आहे. कथा, कविता आणि मोठे लेख यांचा मजकूर बहुधा ऑगस्टमध्येच हाती येतो. उशीर होतो तो जाहिरातींमुळे, अनुक्रमणिकेमुळे आणि एखाद्या ज्येष्ठ लेखकाच्या न आलेल्या लेखामुळे. संपादकांना आजच भेटून घर बदलण्याची तारीख सांगा, आणि पहिले दहा फॉर्म १५ सप्टेंबरपर्यंत तुमच्या हातून पूर्ण करून देण्याची तयारी दाखवा. त्या बदल्यात शेवटच्या दोन फॉर्मांचे तिसरे वाचन दुसऱ्या कोणाकडे द्यावे, अशी विनंती करा. अडचण आधी कळली, तर बहुतेक संपादक वाट काढतात. ती २३ तारखेला कळली, तर त्यांच्याही हातात काही उरत नाही. आमच्याकडे एका वर्षी नेमके हे घडले, आणि शेवटचा फॉर्म दोन वेळा छापावा लागला.

कामाचे टेबल, शब्दकोश, दिवा आणि प्रिंटर सर्वांत शेवटी बांधा. इंटरनेटची जोडणी हलवण्यासाठी आठवडाभर आधी अर्ज करा, आणि तरीही ती वेळेवर होईल असे गृहीत धरू नका. सर्व पीडीएफ एका पेनड्राइव्हवर घेऊन तो पर्समध्ये ठेवा, खोक्यात टाकू नका.

शुद्धलेखनी (२० ऑगस्ट)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत मी तीन फोन केले आणि एकदा संपादकांना प्रत्यक्ष भेटले. त्यांनी शेवटच्या दोन फॉर्मांचे तिसरे वाचन एका सहकाऱ्याकडे दिले आहे, पहिले दहा फॉर्म मात्र १५ ऐवजी १२ सप्टेंबरलाच मागितले आहेत. ते मी स्वीकारले, कारण त्यामुळे त्यापुढचे दिवस खरोखर मोकळे होतात. मामेबहीण क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, ‘नव्या घरातलं पहिलं केळवण माझंच असू दे.’ शेजारच्या विंगेतील एका मुलीने भोंडल्याची वही घेतली आहे आणि तिला पाठ नसलेली चार गाणी मी तिला म्हणून दाखवणार आहे.

पथकाचा निर्णय सर्वांत जड गेला. मी प्रमुखांना सांगून आठवड्यातले तीनच दिवस सरावाला जाणार आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र मी असेन, ते मला सोडवत नाही.

काकू, घटस्थापनेचे तुम्ही सुचवले तसे सासूबाईंना सांगितले. त्यांनी लगेच विचारले की स्वयंपाकघराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, म्हणजे त्या येणार हे नक्की. माझ्या पतींनी २७ आणि २८ ची रजा टाकली असून गाडी २८ तारखेची, रविवारची ठरवली आहे. २९ ला जुने घर झाडून-पुसून ३० ला किल्ल्या द्यायच्या आहेत. करार १८ तारखेच्या गुरुवारी नोंदवणार आहोत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांची नऊ खोकी भरतील एवढा संग्रह आहे आणि वारज्याचे घर लहान आहे. हे अंक कोणी वाचनालय किंवा अभ्यासक जपून ठेवण्यासाठी घेत असेल, तर मी २० सप्टेंबरपूर्वी स्वतः पोहोचवून देईन. रद्दीत घालण्याची माझी इच्छा नाही.

बदलीचे घर (२० ऑगस्ट)

दोन खोकी माझ्या ओळखीच्या वाचनालयात नक्की लागतील, बाकीच्यांसाठी विचारून सांगते. त्यांना वर्षांनुसार यादी लागते, ती मात्र आजपासूनच करायला घ्या, कारण यादीसाठी म्हणून अंक उघडले की मनुष्य वाचत बसतो.