मदत हवी आहे: रॅटच्या मेंदूच्या पेट स्कॅनमधला नॉइज कसा कमी करू?

नमस्कार. मी खानापूरची, बेळगावात एमटेक करते. प्रोजेक्टसाठी बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून रॅटच्या मेंदूचे डायनॅमिक पेट स्कॅन (शरीरात सोडलेलं किरणोत्सारी द्रव्य वेळेनुसार कुठे जातं ते टिपणारे) मिळालेत. ट्रेसर, म्हणजे ते द्रव्य, कार्बन-११ रॅक्लोप्राइड (डोपामिनच्या रिसेप्टरला चिकटतं), स्कॅन ६० मिनिटांचे, इमेज ओएसईएम या गणिती पद्धतीने बनवलेल्या. एका बाजूला ६-ओएचडीए हे विष देऊन डोपामिनच्या पेशी मारल्या आहेत. मला डाव्या-उजव्या स्ट्रायटममधला (जिथे डोपामिनचे रिसेप्टर दाट असतात त्या भागातला) फरक मोजायचाय.

घोडं अडतं ते शेवटच्या फ्रेम्समध्ये (स्कॅनचे वेळेनुसार पाडलेले तुकडे). कार्बन-११चं अर्धायुष्य २०.४ मिनिटं, म्हणजे तासाभरात ट्रेसर जेमतेम आठवा हिस्सा उरतो. सेरिबेलममध्ये (लहान मेंदूत) तर नुसते ठिपके दिसतात, आणि रेफरन्स, म्हणजे तुलनेचा पाया, म्हणून तोच घ्यायचा आहे.

२ मिमीचा गॉसियन फिल्टर लावला. चित्र छान दिसतं, पण स्कॅनरचं रिझोल्यूशन मुळात १.५ मिमीच्या आसपास. दोन्ही मिळून २.५ झालं. रॅटचं स्ट्रायटम काही मिलिमीटरचंच. त्याचा सिग्नल शेजारी सांडतो आणि आकडा खाली येतो. जो फरक शोधतेय तोच पुसला जाईल अशी भीती वाटते.

गाईड सर म्हणतात, माणसांच्या स्कॅनवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क वापर. मला पटत नाही. माणसाचा मेंदू १४०० ग्रॅमच्या घरात, रॅटचा २ ग्रॅम. जे त्या नेटवर्कने कधी पाहिलं नाही ते नॉइज समजून ते गुळगुळीत करणार नाही कशावरून? या जनावरांचा जीव खर्ची पडलाय, त्यांच्या डेटातून खरं तेच निघायला हवं. कुणी केलंय का हे काम? एचवायपीआर (सगळ्या फ्रेम्सच्या एकत्रित इमेजच्या आधाराने नॉइज कमी करण्याची पद्धत) चालेल का?

उत्तर:

ताई, मी निपाणीचा, या कामात काही वर्षं आहे. तुम्हाला स्ट्रायटमची सरासरीच हवी असेल तर फिल्टर लावूच नका. शेकडो व्हॉक्सेलच्या (इमेजच्या बारीक घनांच्या) सरासरीत नॉइज आपोआप उतरतो, फिल्टरने फक्त कडा बिघडतात. व्हॉक्सेलनिहाय नकाशा काढणार असाल तरच एचवायपीआर घ्या. त्यासाठी सगळ्या फ्रेम्सची एकत्रित इमेज करताना डिके करेक्शन (ट्रेसर विरत गेल्याची भरपाई करणारा गुणक) काढून टाकून बेरीज करा, नाहीतर शेवटच्या फ्रेम्सचा फुगवलेला नॉइज तिच्यात शिरतो. शिवाय एचवायपीआरच्या फिल्टरची खिडकी (एका वेळी ज्या भागाची सरासरी घेतली जाते तो) लहान ठेवा. तिच्यात स्ट्रायटम आणि बाहेरचा भाग दोन्ही आले तर त्यांचे टाइम कर्व्ह मिसळतात.

सेरिबेलमची गोष्ट वेगळी. ओएसईएम ऋण आकडे येऊ देत नाही, त्यामुळे काउंट (स्कॅनरने टिपलेल्या घटना) फार कमी असले की थंड भागाचा आकडा वर सरकतो. हा नॉइज नाही, बायस आहे, आणि कुठलाही फिल्टर तो काढू शकत नाही. बाइंडिंग पोटेन्शियल (रेफरन्सच्या तुलनेत ट्रेसर किती चिकटला त्याचं माप) त्यामुळे कमी भरतं. म्हणून प्रयोगशाळेकडे लिस्ट मोड डेटा (प्रत्येक घटनेची वेळेसह कच्ची नोंद) मागा. तो मिळाला तर शेवटच्या फ्रेम्स १० मिनिटांच्या करून पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करा. ५ मिनिटांच्या असतील तर काउंट जवळपास दुप्पट होतील. त्याच डेटाचे दोन निम्मे भाग करून दोन्हींत डावा-उजवा फरक तेवढाच येतो का तेही तपासा.

नेटवर्कबद्दल तुमचा संशय रास्त आहे. सध्याच्या फ्रेम्सच्या वेळा इथे टाका, पुढचं बघू.