वॉटर पंप बदलण्याआधी

थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) बदलूनही अकोल्याच्या रस्त्याला गाडीने वेग घेताच तापमानाचा काटा वर चढतो आणि दर आठवड्याला कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) कमी होते, असे आपण लिहिले आहे. पंखा बिघडलेला असता, तर गाडी उभी असताना किंवा सावकाश चालताना काटा अधिक चढला असता; म्हणून माझा संशय वॉटर पंपावर, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या पंपावर आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पंपाच्या शाफ्टखालील बारीक छिद्र टॉर्च लावून पाहावे. आतले सील गेले की कूलंट तेथूनच झिरपते आणि वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत डाग उरतो. पंप फिरवणारा पट्टा काढून पंपाची पुली हाताने हलवावी. ती डुगडुगली किंवा फिरवताना खरखरली, तर बेअरिंग संपले आहे.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल, तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी बदलावेत, कारण मजुरी एकदाच लागते.

सर्वांत कळकळीची विनंती पाण्याविषयी आहे. आपले गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात असल्याने बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये मुळीच घालू नये; त्यातील क्षारांचा थर आतल्या नळ्यांत बसतो, गंज वाढतो आणि नवे सीलही लवकर झिजते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरावे, हीटर चालू ठेवून अडकलेली हवा बाहेर काढावी आणि इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.