लाटेकमध्ये एककं हाताने लिहायची की पॅकेजने?

कृष्णाकाठ (सांगली): अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या नोट्स आम्ही काही शिक्षक मिळून लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर आणि गणित छापायच्या संगणक प्रणालीत, करतोय. एककं सगळ्यांनी एसआययुनिटएक्स या एककं लिहायच्या तयार पॅकेजनेच (जोड-आज्ञासंचाने) लिहावीत, यावर मी ठाम आहे. लाटेकमध्ये गणित ज्या डॉलर खुणांत लिहितात, त्यांत नुसता एम टाकला की तो तिरका छापला जातो. तिरका एम म्हणजे वस्तुमान, मीटरचा एम सरळच हवा. राशी तिरक्या, एककं सरळ, आकडा आणि एककात जागा, हा एसआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा, नियम आहे. एम आणि एसमधली जागा राहिली तर मीटर-सेकंदाचा मिलिसेकंद होतो! बारावीच्या पोराने यातलं काय समजायचं?

मिरजवाला: सर, मॅथआरएम ही लाटेकची सरळ अक्षरांची आज्ञा लिहिली की एम सरळ होतो, त्याच्या आधी बारीक जागा टाकली की काम झालं. त्यासाठी प्रत्येकाला पॅकेज कशाला शिकवायचं? त्यातही पॅकेजच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत आकडा-एकक लिहायची जुनी 'एसआय' नावाची आज्ञा मागे पडली, तिच्या जागी 'क्यूटीवाय' आली. पुन्हा नव्याने शिका.

कृष्णाकाठ: जुनी आज्ञा अजून चालते. आणि चार हातांनी लिहिलं की चार तऱ्हा होतात. कोणी मीटर प्रति सेकंद तिरप्या रेघेने लिहितो, कोणी ऋण घातांकाने. पॅकेजमधलं पर-मोड, म्हणजे 'प्रति' कसं छापायचं ते ठरवणारं, एक सेटिंग बदललं की सगळी पानं एकसारखी. वेबवर तर हाताने लिहिणं फारच महागात पडतं. मॅथएमएल या वेबवर गणित दाखवायच्या भाषेत चिन्हं एमआय टॅगमध्ये लिहितात; त्यात एकच अक्षर असेल तर ते तिरकं दिसतं, जास्त असतील तर सरळ. म्हणजे एकाच ओळीत किलोग्रॅम सरळ आणि मीटर तिरका! टॅगला मॅथव्हेरिअंट नॉर्मल ही सूचना दिल्याशिवाय तो सरळ होत नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या २००३ च्या टिपणात एककाला वेगळा क्लास (ओळखीची खूण) द्यायची सूचना आहे, ती याचसाठी की हे अक्षर एकक आहे हे यंत्रालाही कळावं. दृष्टिहीन मुलांना स्क्रीन रीडर पुढे काय वाचून दाखवणार, ते अशाच खुणांवर ठरतं.

कोयनापाणी (सातारा): आमच्याकडे कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. ही एककं पॅकेजमध्ये आयती नाहीत, पण एकदा घोषित केली की सगळ्या अहवालात चालतात. मात्र अर्थ जपला जातो म्हणून फार हुरळू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे, तिचे मीटर हे पॅकेज करून देत नाही. रूपांतर आपल्यालाच करावं लागतं.

मिरजवाला: तेच म्हणतोय मी! वेबचा मुद्दा पटला. पण छापील नोट्ससाठी मॅथआरएमची एक छोटी आज्ञा मीच बनवून सगळ्यांना देतो, पर-मोडचं कामही तिच्यातच बसवतो.

कृष्णाकाठ: द्या. त्याच नोट्स जूनपासून मुलांना मोबाइलवरही द्यायच्यात. तुमची आज्ञा मॅथएमएलमध्ये उतरवून दाखवा, मग बोलू.