जुन्या ४८६ संगणकावर पॅरलल झिप ड्राइव्ह सापडत नाही

सातपूरकर: डॉस ६.२२ (जुनी ऑपरेटिंग सिस्टीम), झिप १०० (१०० एमबीच्या काढत्या-घालत्या डिस्कचा ड्राइव्ह), पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचं सॉकेट). हिरवा दिवा लागतो, पण गेस्ट (झिपला ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्रॅम) चालवलं की "ड्राइव्ह नाही" म्हणतं. झिप डिस्कवर असलेली वर्कशॉपच्या जुन्या मशीनची ड्रॉइंग्ज उतरवून घ्यायची आहेत.

नाशिकरोड: आधी केबल बघा. ड्राइव्हमागे दोन सॉकेट असतात; प्रिंटरचं चित्र असलेलं प्रिंटरसाठी, संगणकाची केबल दुसऱ्यात. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पॅरलल पोर्टचा मोड ईपीपी किंवा द्विदिशात्मक करा. ईसीपी या तिसऱ्या मोडवर कधीकधी अडतं. कॉन्फिग.सिसमध्ये (डॉसच्या सेटिंगच्या फाइलीत) लास्टड्राइव्ह=झेड हवंच, नाहीतर ड्राइव्हला नवं अक्षर द्यायला जागाच उरत नाही. गेस्टच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरात ठेवा. एकटी ईएक्सई (प्रोग्रॅमची मुख्य फाइल) उचलून आणली तर चालत नाही. अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा. हाताला लागेल तो लावू नका.

पंचवटी: आणि कान द्या! डिस्क घातल्यावर सारखं टक-टक होत असेल तर लगेच थांबा. बिघडलेलं हेड (ड्राइव्हमधला डिस्क वाचणारा भाग) डिस्कची कड खराब करतं आणि तीच डिस्क दुसऱ्या धडधाकट ड्राइव्हचं हेड मोडते. पडताळायला कोरी डिस्क वापरा, ड्रॉइंग्जची नको.

नाशिकरोड: बरोबर. आणि डेटा निघाला की झिपवर विसंबूच नका. हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीला अ‍ॅडॅप्टर लावून त्यावर सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी) कार्ड लावा. जुना बायोस १०२४×१६×६३ (सिलिंडर×हेड×सेक्टर), म्हणजे ५०४ एमबीपर्यंतच ओळखतो, तेव्हा २५६ एमबीचं कार्ड निवांत. अ‍ॅडॅप्टरवरचा जंपर (छोटी पिन-जोडणी) मास्टरवर, एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग पाडणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये) पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह, मग कार्ड बूट होण्यासाठी फॉरमॅट /एस. तरीही बूट होईना तर एफडिस्क /एमबीआर (बूटचा सुरुवातीचा कोड पुन्हा लिहिणारी आज्ञा). चालू मशीनमधून कार्ड मात्र कधीच ओढू नका.