कॅलिब्रेशनमध्ये रेटिंग उतरलं, तर नेमकं काय विचारायचं?

पाऊलवाट : मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजरने दिलेलं रेटिंग वरच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्या टीमची रेटिंग एकत्र जुळवणाऱ्या बैठकीत, एक पायरी उतरलं, बढतीही लांबली. विचारलं की ‘बेल कर्व्ह’ (वरची-खालची रेटिंग ठरावीक टक्के लोकांनाच द्यायची सक्ती) एवढंच उत्तर. त्या बैठकीत होतं काय, आणि केव्हा काय विचारलं तर उपयोग होतो? वर्षातले सहा महिने बाळंतपणाच्या रजेत गेले असतील तर हिशोब कसा व्हायला हवा?

गोदाकाठ : रेटिंग आणि बढती आधी सुटी करा. रेटिंगला कोटा असतो, बढतीला जागा लागते. क्लायंटचा दर करारात ठरलेला असतो. माणूस वरच्या बँडमध्ये, म्हणजे पदाच्या वरच्या पातळीवर, गेला की खर्च वाढतो, दर तोच राहतो, प्रोजेक्टचं मार्जिन घटतं. म्हणून ‘माझं कुठे कमी पडलं?’ याआधी ‘वरच्या बँडची जागा या प्रोजेक्टच्या स्टाफिंग प्लॅनमध्ये आहे का?’ हे विचारा. नसेल, तर कितीही राबलात तरी मॅनेजरच्या हातात फारसं काही नाही.

मग प्रोजेक्ट बदलायचा तो मूल्यमापनाची सायकल सुरू होतानाच. अधेमधे बदललात की सिस्टीममधली गोल्स जुनीच राहतात, जुना मॅनेजर अभिप्राय न नोंदवता मोकळा होतो आणि नव्याकडे बोलायला तुमचं दोन-तीन महिन्यांचंच काम असतं. जुन्या प्रोजेक्टमधून सुटण्याआधी अभिप्राय नोंदवून घ्याच. तोंडी कौतुक बैठकीपर्यंत पोचत नाही.

बैठकीत एकेका नावाला मोजकी मिनिटं मिळतात. दोन आठवडे आधी मॅनेजरला पाच ओळी द्या: आधी काय होतं, काय बदललं, किती, फायदा कोणाला, पुरावा कुठे. ‘खूप मेहनत घेतली’ याला तिथे वजन नाही. ‘रात्रीचा बॅच 6 तासांवरून 2 तासांवर आला’ हे दुसऱ्या टीमच्या मॅनेजरला खोडता येत नाही.

आकडेमोड : बेल कर्व्हचा मोठा अन्याय लहान गटात होतो. कंपनीत शंभरातले 10 जण खरंच कमी पडतात असं धरा. तरीही सहज निवडलेल्या 10 जणांत असा एकही नसण्याची शक्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे जवळपास 35 टक्के. तिथेही तळाला एक नाव टाकायला लावलं, तर साधारण तीनातल्या एका गटात चांगलं काम करणारा माणूस खाली ढकलला जातो. गट 50 चा केला तर एकही नसण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. तेव्हाही पाचचा कोटा नेमका बसेल असं नाही, पण चूक बरीच कमी होते. एचआरला विचारा: कॅलिब्रेशन किती जणांच्या गटात झालं, आणि सगळे एकाच बँडचे होते का? यात कोणाचं नाव विचारलेलं नाही, त्यामुळे गोपनीयतेची सबब चालू नये.

सातवी ओळ : रजेबद्दल. 26 आठवड्यांची भरपगारी रजा 2017 पासून कायद्यात आहे, आणि रजेच्या काळात सेवाशर्ती त्या महिलेच्या तोट्याच्या करायला मनाई आहे. रेटिंग कसं काढायचं ते मात्र कायदा सांगत नाही, आणि पळवाट तिथेच निघते. रास्त पद्धत एकच: जितके महिने काम, तितकीच गोल्स. वर्षाला सॉफ्टवेअरचे 12 रिलीज ठरले असतील तर सहा महिन्यांना 6. रजेवर जाण्याआधी गोल्स अशी कमी करून सिस्टीममध्ये मंजुरी घ्या; नंतर सांगितलं तर ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असंच दिसतं.

सरकारी नोकरीत हे भांडण न्यायालयात गेलं होतं. देव दत्त खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बढतीला ‘अतिउत्तम’ लागत असेल तर ‘चांगला’ हा शेराही नुकसानच करतो, म्हणून प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. 2009 पासून केंद्र सरकारात कर्मचाऱ्याला मूल्यमापनाचा पूर्ण अहवाल दाखवतात, म्हणणं मांडायला 15 दिवस देतात. खासगी कंपनीवर हे बंधन नाही, आणि ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे. तोवर ईमेलवर तीनच गोष्टी मागा: मॅनेजरचं मूळ रेटिंग, अंतिम रेटिंग आणि बदलाचं लेखी कारण. मॅनेजरला कॉपी ठेवा, आणि आधी धोरणात अपिलाची मुदत बघा. ती उलटली की चांगली केसही उघडत नाहीत.