मेडिकल इन्फॉर्मॅटिक्समध्ये (वैद्यकीय माहिती कॉम्प्युटरवर हाताळण्याच्या शास्त्रात) मूलभूत संशोधन करावं का?

पंचवटीकर: बीएएमएस आहे, पंचवटीत प्रॅक्टिस करते. पीएचडीचं मनात आहे. सगळे म्हणतात, अ‍ॅप बनव, थिअरीत काय ठेवलंय!

गोदाकाठ: ताई, अ‍ॅप कंपन्या बनवतील. तुम्ही केसपेपरवर "टायफॉईड?" लिहिता ना? ते प्रश्नचिन्ह कॉम्प्युटरमध्ये कसं ठेवायचं? १९७०च्या दशकात स्टॅनफर्डच्या मायसिन या जंतुसंसर्गाचं निदान सुचवणाऱ्या प्रोग्रॅमने निदानाच्या खात्रीला आकडे दिले, त्यात "असं असेल तर तसं" धाटणीचे नियम साधारण सहाशे. हिशेब मात्र गणिताच्या कसोटीवर लंगडा निघाला. शंका नीट नोंदवणं आजही अवघडच. यावर काम करा की!

सिडकोवाला: पण पैसा? फंडिंगवाले आधी डेमो मागतात.

गोदाकाठ: मागू देत. २०२४ला आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या कोड-यादीत, आयुर्वेदाचे कोड आले. वातव्याधी आणि अ‍ॅलोपॅथीचं निदान एकाच पेशंटच्या नोंदीत कसं जुळवायचं, हा तुमच्याच घरचा विषय. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात एकदा चौकशी करा.