सध्या तबकडीवर काय फिरतंय?

साइडबी: आठवडाभर एकच एलपी रेकॉर्ड चाललीय, जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू, 1959 ची. तुमच्याकडे काय लागलंय? शक्यतो प्रेसिंग कुठलं, म्हणजे प्रत कधीची छापलेली, तेही लिहा.

जुनीसुई: मस्त! पण प्रेसिंग जुनं की नवं? कारण पहिल्या सेशनला रेकॉर्डिंगचं मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे जुन्या प्रेसिंगांत साइड वन किंचित चढ्या सुरात वाजते. 1992 ला ते दुरुस्त केलं. सोबत वाजवायला बसलात की लगेच कळतं, नुसतं ऐकताना कानाला फारसं लागत नाही.

साइडबी: अरे हो का, माझं नवंच आहे मग!

खर्जातला: इकडे कॉल ऑफ द व्हॅली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, सकाळच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत मेंढपाळाचा अख्खा दिवस, आणि मध्येच उठून साइड पलटायची, ते मला आवडतंच खरंतर. फक्त शेवटचा पहाडी थोडा खरखरतो, सुई बदलू का?

जुनीसुई: आधी सुई साफ कर आणि अलाइनमेंट बघ, म्हणजे सुई खाचेत सरळ बसतेय ना ते. मिनिटाला 33 फेऱ्यांच्या एलपीत कडेला खाच सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर सरकते, लेबलजवळ, शेवटच्या ट्रॅकला, जेमतेम 21-22, म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत, तिथं वरचे सूर फाटतातच.

खर्जातला: कोनिकल, म्हणजे गोल टोकाची सुई आहे माझी.

जुनीसुई: मग इलिप्टिकल, लंबगोल टोकाची लाव, बराच फरक पडेल.